गळणारे पाणी नितळ की गढूळ?

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, एखाद्या तरी उमेदवाराच्या पत्रकावर नावाखाली 'उच्चशिक्षित अभियंता' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. मतदारही मान डोलावतात. रस्ते, पाणी, गटारे हीच तर कामे, मग इंजिनिअर असलेला काय वाईट? या समजुतीत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे कामाच्या कागदांच्या आधाराने मांडावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर शेवटचे दोन परिच्छेद तेवढे राहू द्यावेत.

कायद्याला पदवीचे सोयरसुतक नाही. संविधानाच्या कलम १७३ प्रमाणे विधानसभेसाठी वयाची २५ आणि विधान परिषदेसाठी ३० वर्षे पूर्ण हवीत, नागरिकत्व हवे. शिक्षणाचा उल्लेखही नाही. गंमत अशी की विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत द्यायला पदवी लागते, उभे राहायला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तसा निर्वाळा दिलेला आहे. उलट गावात २०१७ च्या दुरुस्तीने १९९५ पासून पुढे जन्मलेल्यांना सरपंच व्हायला सातवी पासची अट आली. गावच्या कारभाऱ्याला सातवी, राज्याच्या कारभाऱ्याला काहीच नाही. तेव्हा अभियांत्रिकीची पदवी ही राजकारणातली पात्रता नव्हे. फार तर एक हत्यार. ते कुठे चालते आणि कुठे बोथट पडते, एवढाच प्रश्न.

चालते कुठे, ते एका फुटलेल्या धरणावरून पाहू. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. धरण मातीचे आणि लहान. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हेही तेव्हा छापून आले. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर हसे झाले. आमच्या मते मंत्री चुकले आणि हसणारेही. खेकडे, घुशी, साळिंदरे बांधात बिळे करतात आणि त्याने बांधाला धोका होतो, हे धरण-देखभालीच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण बीळ ही सुरुवात झाली. ते वेळेत दिसले का नाही, दिसले तर बुजवले का नाही, आणि त्याच्या पुढची बचावाची फळी का चालली नाही, हे खरे प्रश्न. तिथे खेकडा जबाबदार नसतो.

मातीच्या धरणातून पाणी झिरपतेच. म्हणून मध्यभागी चिकणमातीचा गाभा असतो, त्याच्या मागे वाळूचा गाळणीचा थर, आणि खालच्या पायथ्याशी दगडांचा टो ड्रेन. झिरपलेले पाणी मातीला न हलवता या वाटेने निघून जावे, अशी ती रचना. घात तेव्हा होतो जेव्हा पाणी मातीचे कण बरोबर घेऊन निघते. बांधाच्या खालच्या अंगाला छोटी नळी पडते आणि ती पाण्याच्या दिशेने आत आत सरकत जाते. याला पायपिंग म्हणतात. बाहेरून त्याची खूण एकच: गळणारे पाणी नितळ आहे की गढूळ. नितळ असेल तर मोजत राहायचे. गढूळ असेल तर रात्रीचीही वाट पाहायची नाही. विमोचक (धरणातले पाणी सोडायचे दार) उघडून साठा उतरवायचा, गळतीच्या तोंडावर वाळू, खडी आणि दगड असे क्रमाने थर टाकून उलटी गाळणी करायची आणि खालची वस्ती हलवायची. गळतीचे तोंड मातीच्या पोत्यांनी गच्च दाबून बंद करणे ही नेहमीची चूक. पाणी दुसरीकडून फुटते आणि त्या वेळी ते दिसतही नाही.

मोजायचे कसे? टो ड्रेनच्या शेवटी पत्र्याची काटकोनी व्ही-नॉच, म्हणजे पाणी मोजायची व्ही आकाराची खाच, बसवलेली असते. तिच्यातल्या पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर गळती. उंची २० सेंटिमीटर झाली तर ९ लिटर नव्हे, २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते. गेल्या आठवड्यात १० होते, या आठवड्यात २० आहे, एवढाच निरोप वर गेला तर कार्यालयात बसलेल्या माणसाला ते 'थोडे वाढले' असे वाटते. अभियंता असलेल्या मंत्र्याने इथे चमकून उठावे, अशी अपेक्षा. त्याच्या शिक्षणाचा हा उपयोग. पंप कुठला घ्यावा हे सांगायला खात्यात माणसे आहेत. पण कुठला आकडा सरळ रेषेत वाढत नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक असायला हवे. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल मागवला आहे का, व्ही-नॉचच्या नोंदींची वही कुठे आहे, उतारावरची झाडेझुडपे मे महिन्यात काढली का (झाडी असली की बीळ दिसतच नाही), हे तीन प्रश्न विचारायला खरे तर बीईसुद्धा लागत नाही. पण सवय लागते.

या सवयीची दुसरी बाजू म्हणजे 'नाही' म्हणता येणे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा त्या कामावर अभियंते कमी नव्हते. बांध आणि विमोचकाचे काम पुरते आटोपण्याच्या आत पावसाचे पाणी अडले होते. जागेवरचा अभियंता वरून आलेल्या तारखेला बांधलेला असतो. तारीख ठरवणाऱ्याला मात्र माहीत हवे की माती दबायला लागणारा वेळ शासन निर्णयाने कमी होत नाही.

आता सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्द सरकारी कामाशी संबंध आलेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. कामाची वाट ठरलेली आहे: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, बिल. बिघाड पहिल्याच टप्प्यावर होतो. अंदाजपत्रक करताना पायाच्या खोदाईत कठीण खडक किती आणि काळी माती किती, हे पुरेसे भोक पाडून तपासलेले नसते. भूसंपादनाचा आकडा जुन्या रेडी रेकनरचा, म्हणजे जमिनींच्या सरकारी दरतक्त्याचा, असतो. पुनर्वसनाची तरतूद नावापुरती असते. कारण मूळ रक्कम मोठी दिसली तर मान्यताच अडते. एकदा काम सुरू झाले की खडक लागतो, अतिरिक्त बाबी निघतात, कालव्याची रेषा बदलते आणि सुप्रमाचा प्रस्ताव तयार होतो. त्या प्रस्तावात वाढीची कारणे वेगवेगळी दाखवलेली असतात: दरसूचीतील वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील वाढ, अपुऱ्या तरतुदी. आमदाराने पहिल्यांदा ते पान उघडावे. 'महागाई वाढली' हे उत्तर कितपत खरे, ते तिथेच कळते.

विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचे उदाहरण घ्या. १९८३ मध्ये मान्यता मिळाली ती सुमारे ३७२ कोटींची. २०१६ च्या सुधारित मान्यतेत आकडा १८ हजार ४०० कोटींच्या पुढे गेला. ३३ वर्षांत जवळजवळ ५० पट. वर्षाला ८ टक्के दरवाढ धरली तर ३३ वर्षांत खर्च १२-१३ पट होतो, ५० पट होत नाही. म्हणजे उरलेली वाढ महागाईच्या खात्यावर टाकता येत नाही. ती भूसंपादनात, पुनर्वसनात, व्याप्तीत, संकल्पचित्रांत आणि मुळात कमी धरलेल्या तरतुदींत शोधावी लागते. चक्रवाढीचे हे गणित अकरावीतला मुलगाही करील. सभागृहात ते कितीदा केले जाते?

महागाईपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे निधी पातळ पसरणे. एखाद्या प्रकल्पाचे १०० कोटींचे काम शिल्लक आहे, वर्षाला ५ कोटी मिळतात आणि दर ८ टक्क्यांनी वाढतात असे धरा. पहिल्या वर्षी ५ कोटी खर्च झाले, शिल्लक ९५. त्यावर ८ टक्के चढले की वर्षअखेरीस शिल्लक काम १०२.६ कोटींचे. पाच कोटी खर्चून प्रकल्प पुढे गेला नाही, मागे गेला. हा प्रकल्प या गतीने कधीही पूर्ण होणार नाही. असे दहा प्रकल्प चालू असतील तर आठ थांबवून दोन पुरे करणे हाच शहाणपणा. अभियंता आमदाराला हे कळते. पण थांबवलेल्या आठांपैकी एक त्याच्याच तालुक्यात असतो, आणि नारळ फोडल्याचा फोटोही त्याचाच असतो. मग तोच आमदार पुरवणी मागण्यांत अकरावे काम घुसवतो. कळणे आणि वळणे यांतले हे अंतर पदवीने मिटत नाही.

याच संदर्भात २०१२ चा वाद आठवावा. आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाचे क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले, श्वेतपत्रिका निघाली आणि पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांवर ठाम होत्या, कारण एकजण 'निर्माण झालेली सिंचनक्षमता' सांगत होता आणि दुसरा 'प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र'. क्षमता धरणात पाणी साठले आणि मुख्य कालवा झाला की कागदावर उभी राहते. जमीन भिजते ती वितरिका आणि शेतचाऱ्या झाल्यावर, आणि चारीच्या शेपटाला पाणी पोहोचल्यावर. टक्का दिसला की आधी छेद काय धरला आहे ते विचारायचे, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातच अंगी बाणते. निदान बाणायला हवे.

नगरसेवकाच्या पातळीवर याहून सोप्या गोष्टी पुरतात. एक किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्त्यावर ५० मिलिमीटर दबलेला डांबरी थर म्हणजे २७५ घनमीटर. घनमीटरला २.४ टन धरले तर ६६० टन माल. १६ टनी डंपर असेल तर ४१ खेपा. थर ४० मिलिमीटरच टाकला तर १३२ टन, म्हणजे आठ खेपा वाचतात. प्रभागात त्या दिवशी डंपर मोजणारा एक माणूस उभा केला, तर जाडी तपासायला कोअर (रस्त्याचा गोल तुकडा) कापायच्या आधीच अंदाज येतो. डांबर वजनाने सुमारे ५ टक्के असते, म्हणजे ३३ टन. ते अर्ध्या टक्क्याने कमी घातले तर ३.३ टन वाचते, आणि रस्ता वरून तितकाच काळा दिसतो. म्हणून बिलाला तेलशुद्धीकरण कारखान्याचे डांबराचे चलन जोडावे लागते. त्यातली लबाडी अशी की एकच चलन दोन-तीन कामांच्या बिलांना जोडले जाते. चलन क्रमांकांची एक यादी केली की ते उघडे पडते.

तापमानही बघावे. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवे आणि रोलरची दबाई ते ९० अंशांखाली उतरायच्या आत संपायला हवी. प्लांट लांब, वाटेत वाहतूक, डंपरवर ताडपत्री नाही, की माल जागेवर येईपर्यंत थंड पडतो. मग रोलर कितीही फिरवा, पोकळ्या राहतात. पहिल्या पावसात पाणी त्यात शिरते आणि ऑगस्टमध्ये खडी सुटते. दुसरे कारण उतार. साडेपाच मीटर रस्त्याला अडीच टक्के कॅम्बर (मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार) म्हणजे मध्य कडेपेक्षा जेमतेम ७ सेंटिमीटर उंच. दोन वेळा थरावर थर चढवला आणि कडेचे गटार तसेच राहिले, की हा उतार मरतो आणि पाणी रस्त्यावरच थांबते.

तिसरे कारण सगळ्यांना पाठ आहे: रस्ता झाला की महिन्याभरात नळवाले खोदतात. आधी पाण्याची लाइन, मग ड्रेनेज, मग केबल, मग रस्ता, हा क्रम शाळकरी पोरही सांगेल. तरी उलटे का होते? कारण चारही कामांचे पैसे चार खिशांतून येतात. रस्ता जिल्हा नियोजनातून, पाणी वेगळ्या योजनेतून, गटार पालिकेच्या स्वनिधीतून, आणि केबल खासगी कंपनीची. रस्त्याचा निधी ३१ मार्चला परत जाणार असतो, म्हणून रस्ता आधी होतो. हे अभियांत्रिकीच्या कुठल्याच विषयात नाही. अर्थसंकल्पाच्या लेखाशीर्षात आहे, आणि अभियंता नगरसेवक पहिली दोन वर्षे नेमका तिथेच चाचपडतो.

पाणीपुरवठ्यात हेच जास्त बोचते. ३७ हजार वस्तीच्या गावाला माणशी १३५ लिटरप्रमाणे रोज ५० लाख लिटर पाणी लागते. ते जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) ६० मीटर उचलायचे असेल आणि पंप-मोटरची एकूण कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर रोज सुमारे १,२५० युनिट वीज लागते, महिन्याला ३७-३८ हजार युनिट. घरामागे साडेचार युनिटच पडतात, फार नाही. पण योजना बांधायला अनुदान मिळते, विजेचे बिल मात्र पाणीपट्टीतून भरायचे असते. वसुली अर्धी, जलवाहिन्यांतली गळती मोठी, म्हणून बिल थकते, जोडणी तुटते आणि कोट्यवधींची टाकी कोरडी उभी राहते. वीज किती लागेल, हे गणित अभियंत्याला दहा मिनिटांत येते. निवडणुकीला आठ महिने असताना पाणीपट्टी वाढवायचा ठराव मांडणे, हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

शिक्षणाची हद्द कुठे संपते याचा सर्वात मोठा दाखला ज्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो त्यांच्याच चरित्रात आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, नीरा कालव्यावर ऊस सगळीकडे विखरू न देता ठरावीक गटांत पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. पाणी, वीज, कारखाने, बँक, विद्यापीठ, जिथे हात घातला तिथे काम उभे राहिले. आणि १९१८ मध्ये ते पायउतार झाले ते कुठल्या धरणावरून नाही, तर सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना प्राधान्य द्यावे की नाही या प्रश्नावर. महाराजांना ते द्यायचे होते. विश्वेश्वरय्यांना गुणवत्तेची घसरण दिसत होती. कार्यक्षमता हे एकच माप हाताशी असले की न्याय हा तोटा वाटू लागतो. त्याच्या सोळा वर्षे आधी, २६ जुलै १९०२ ला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. शाहू महाराज अभियंते नव्हते, पण राधानगरी धरणाचा ध्यास त्यांचाच, आणि तिथले सात स्वयंचलित दरवाजे आजही पाणी चढले की आपसूक उघडतात. अभियंत्याला राज्य चालवता येते की नाही, यापेक्षा राज्यकर्त्याला अभियंत्याकडून काम कसे करून घेता येते, हा प्रश्न बहुधा जास्त कामाचा.

हीच हद्द पाण्याच्या तुटीच्या वर्षी जायकवाडीच्या वादात दिसते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत समन्यायी वाटप आणले आणि मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक दिले: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०२३ मध्ये ते ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरले. अभियांत्रिकी इथवर. पुढे काय काय करावे लागते? नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते, बंदोबस्त लावावा लागतो. नाहीतर सोडलेले पाणी वाटेतच मुरते आणि उपसले जाते. या फळ्या काढायला जाणाऱ्या शाखा अभियंत्याला शेतकरी गराडा घालतात, तेव्हा कोष्टक दाखवून भागत नाही. कुणीतरी निवडून आलेल्या माणसाने तिथे उभे राहून, तुमचे पाणी का जाते आहे आणि बदल्यात काय मिळेल, हे सांगावे लागते. ते काम पदवीचे नाही.

राज्याने अभियंते नेते पाहिले नाहीत असे नाही. माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पिलानी आणि बर्कलेचे. त्यांच्या काळात जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत झालेला बदल आमच्या मते अजून पुरेसा नावाजला गेलेला नाही. त्याआधी बाल्कनी, फ्लॉवर बेड, डक्ट, शोभेचे कोनाडे एफएसआयबाहेर, म्हणजे भूखंडावर चालणाऱ्या बांधकामाच्या मोजणीबाहेर, असत किंवा आयुक्तांच्या मर्जीवर सोडलेले असत. खिडकीबाहेर मीटरभर रुंद 'फुलझाडांचा' स्लॅब नेमका खोलीच्या पातळीवर टाकायचा आणि ताबा मिळाल्यावर मधली भिंत पाडायची. महापालिका प्रशासनाने मांडलेल्या बदलाने हे सगळे एफएसआयमध्ये मोजले आणि बदल्यात निवासी बांधकामाला ३५ टक्के, व्यापारीला २० टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय अधिमूल्य घेऊन दिला. मर्जीची जागा सूत्राने घेतली. असा प्रस्ताव कळायला नकाशा वाचता यावा लागतो. त्याच चव्हाणांवर फायली अडवून ठेवल्याची टीका मित्रपक्षानेच केली, हेही खरे. सगळे तपासल्याशिवाय सही न करणे हा अभियंत्याचा गुण खुर्चीत दोष ठरू शकतो. गोव्याचे मनोहर पर्रीकर पवई आयआयटीचे धातुशास्त्र अभियंते, जयंत पाटील व्हीजेटीआयचे स्थापत्य अभियंते. पाटील नऊ वर्षे अर्थमंत्री होते, आणि त्या खात्यात स्थापत्याचे कोष्टक उघडावे लागत नाही.

महाविद्यालयांनी यात काय करावे? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात भारतीय संविधान हा विषय अनिवार्य आहे, पण त्याला श्रेयांक शून्य. विद्यार्थी त्याला किती महत्त्व देतात हे वेगळे सांगायला नको. निवडणुकीचा विचार असलेल्या तरुण अभियंत्याने तरी आपल्या पालिकेचा अर्थसंकल्प महसुली आणि भांडवली बाजू वेगळ्या काढून वाचावा, २०१३ चा भूसंपादन कायदा वाचावा, एखाद्या पूर्ण झालेल्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक माहितीच्या अधिकारात मागवून दोन्हींतल्या परिमाणांचा फरक बाबवार काढावा. आणि गावात जाऊन नकाशा जमिनीवर उतरवून पाहावा. कुणाचे घर रेषेखाली येते ते कागदावर दिसत नाही.

सर्वात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. अनेक तरुण अभियंते कंत्राटदारही असतात. राज्यात छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली निविदा यांत ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात. ज्याच्या नावावर शासनाचे काम चालू आहे, तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-क खाली विधानसभेला अपात्र ठरतो. काम पूर्ण झाले असेल आणि फक्त बिल थकले असेल तर तेवढ्यावरून ठरत नाही. दोषदायित्वाची (झालेल्या कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची) मुदत चालू असेल तर वाद ओढवतो, म्हणून आधीच कागद करून घ्यावेत. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणाऱ्याला तशीच बंदी आहे. नोकरीतल्या अभियंत्याने राजीनामा देऊन भागत नाही, तो स्वीकारला गेल्याचे पत्र छाननीपूर्वी हाती हवे. व्यवहारात होते असे की कंत्राट भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर जाते आणि पत्रकावर 'अभियंता' एवढेच उरते.

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. २०१८ च्या बदलानंतर त्यात उमेदवाराची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि त्यांच्या भागीदारी संस्था व खासगी कंपन्यांची शासनाशी असलेली कंत्राटे लिहावी लागतात. आपल्या वृत्तपत्रात निवडणुकीच्या काळात उमेदवारांचे शिक्षण आणि मालमत्ता छापून येते. कंत्राटांचा हा रकाना क्वचितच येतो. तो शिक्षणाच्या रकान्याच्या लगेच आधी आहे.

आपले,
बांधकाम व जलसंपदा खात्यांतील काही निवृत्त अभियंते,
सातारा